मैदानावर ३० मीटरचा आरसा: महादुर्बिणीचा खराखुरा आकार फक्कीने कसा आखायचा

महाकाय दुर्बिणींची बातमी आली की शाळांतून भित्तिपत्रकं लागतात, व्याख्यानं होतात. पण कागदावर ३ मीटरचा आरसा आणि ३० मीटरचा आरसा एकाच आकाराचे दिसतात. पायाखाली आखला की मात्र फरक लगेच कळतो, आणि त्यासाठी लागतं एक मोकळं मैदान, फक्की आणि एक सकाळ. इथे ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ म्हणजे टीएमटीचा मुख्य आरसा घेतला आहे, कारण २०१४ पासून भारत त्यात भागीदार आहे. तो एकसंध नाही. ४९२ षटकोनी आरसे शेजारी शेजारी बसवून तो तयार होतो.

जागा किमान ४० बाय ४० मीटर हवी. कोल्हापूरच्या गांधी मैदानासारखी मातीची सपाट जागा उत्तम. फुटबॉलच्या हिरवळीवर चुना टाकू नका, गवत जळतं. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात चिखल असतो आणि उन्हाळ्यात दुपारच्या वाऱ्याने रेघा पुसतात. थंडीतलं दव उलट उपयोगी आहे: किंचित ओलसर मातीवर फक्की बसते, उडत नाही. म्हणून पहाटे सहाला सुरुवात करा. मैदानाची परवानगी आणि सामन्यांचं वेळापत्रक आधीच बघून ठेवा.

सामान: ३० मीटरचे दोन फायबरचे टेप (कापडी टेप ताणला जातो, तो नको), गवंड्याची दोरी, खिळे, खुंट्या आणि कबड्डीच्या मैदानाला वापरतात ती फक्की. कळीचा चुना अजिबात नको, त्याने डोळे आणि कातडी भाजते, आणि इथे मुलं असणार आहेत. सगळ्या रेघांची लांबी सुमारे ११३० मीटर भरते. आधी १० मीटर रेघ मारून किती फक्की लागली ते वजन करा आणि त्याला ११३ ने गुणा. वर थोडी जास्त घ्या.

षटकोनाची चौकट लाकडी पट्ट्यांची करा. प्रत्येक बाजू ७२ सेंटिमीटर, समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर १.४४ मीटर. नुसत्या सहा पट्ट्या जोडल्या तर चौकट हलते आणि षटकोन चेपतो. त्यामुळे आत १.४४ मीटरच्या तीन आडव्या पट्ट्या ठोका. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तो झाला मध्यबिंदू. तिथे भोक पाडा. अशा चार चौकटी आणि प्रत्येकीला दोन माणसं असली तर दोन-अडीच तासांत काम उरकतं.

आता आखणी. मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोका. तिच्यातून एक सरळ दोरी ताणा, हा आपला कणा. काटकोनासाठी दोरीवर ९, १२ आणि १५ मीटरचा त्रिकोण धरा. ३-४-५ चा छोटा त्रिकोण घेतला तर त्यातली बारीक चूकही १५ मीटरवर बरीच वाढते.

ओळी एकूण २७, कण्याला काटकोनात. मधली ओळ खुंटीतून जाते. पुढच्या ओळींची मध्यापासूनची अंतरं मीटरमध्ये अशी: १.०८, २.१७, ३.२५, ४.३३, ५.४१, ६.५०, ७.५८, ८.६६, ९.७४, १०.८३, ११.९१, १२.९९, १४.०७. हीच अंतरं दुसऱ्या बाजूलाही. प्रत्येक ओळ मागच्या ओळीपासून मोजू नका. टेपचं शून्य कायम मधल्या खुंटीवर ठेवा, नाहीतर एकेका सेंटिमीटरची चूक तेराव्या ओळीपर्यंत तेरा सेंटिमीटर होते.

एका ओळीतल्या दोन मध्यबिंदूंमध्ये १.२५ मीटर. आरशाच्या षटकोनाची रुंदी १.२४७ मीटर आहे, म्हणजे मध्ये ३ मिलिमीटर फट राहते. खऱ्या दुर्बिणीतली फटही साधारण एवढीच, २.५ मिलिमीटर.

मधल्या ओळीपासून बाहेर जाताना प्रत्येक ओळीतले षटकोन: २३, २४, २३, २२, २३, २२, २१, २०, १९, १८, १५, १४, ११, ६. दुसऱ्या बाजूला मधली ओळ सोडून हेच आकडे. आकडा विषम असेल तर मधला षटकोन कण्यावर येतो. सम असेल तर कणा दोन षटकोनांच्या मधून जातो आणि पहिला बिंदू ६२.५ सेंटिमीटरवर पडतो. मोजणी नेहमी कण्यापासून दोन्हीकडे करा. बेरीज ४९९ येते. अगदी मधला एक आणि त्याच्याभोवतीचे सहा असे सात मोकळे सोडा, की राहिले ४९२.

चौकट ठेवताना तिचा एक कोपरा पुढच्या ओळीकडे रोखलेला हवा. सपाट बाजू तिकडे केली तर एकाच ओळीतले षटकोन एकमेकांवर चढतात. सर्वात जास्त होणारी चूक हीच. म्हणून चौकटीच्या त्या कोपऱ्याला लाल रंग लावा. दुसऱ्या ओळीपासून वरच्या बाजू आधीच आखलेल्या मिळतात, त्या पुन्हा गिरवू नका. एका टोकाकडून सुरू करून मागे मागे सरकत जा, म्हणजे आखलेल्या भागावर पाय पडणार नाही.

आता मधली मोकळी जागा बघा. ती सुमारे पावणेचार मीटर रुंद आहे. तिथे १.८ मीटर त्रिज्येची दोरी फिरवून रंगीत रांगोळीने वर्तुळ काढा. नैनितालजवळच्या देवस्थळ इथला ३.६ मीटरचा आरसा एवढा असतो. आकाशात कुठेही वळवता येणारी भारतातली सर्वात मोठी प्रकाशीय दुर्बीण ती, आणि ती टीएमटीच्या नुसत्या भोकाहून जेमतेम मोठी भरते! जुन्नरजवळच्या गिरवलीच्या २ मीटर दुर्बिणीसाठी आत आणखी एक वर्तुळ. सगळ्यांच्या बाहेर १९.५ मीटरच्या दोरीने चिलीत उभ्या राहणाऱ्या ३९ मीटरच्या ‘एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप’चा, म्हणजे ईएलटीचा घेर. कोल्हापुरात हे समजावणं सोपं आहे: फुटबॉलच्या मैदानाचं मधलं वर्तुळ १८.३ मीटरचं, तर पेनल्टी एरियाची रुंदी ४०.३२ मीटर. ईएलटी जवळजवळ तेवढी.

लोकांना आत सोडण्याआधी गच्चीवरून किंवा गॅलरीतून फोटो काढून घ्या. जमिनीच्या पातळीवरून षटकोन चपटे दिसतात. नंतर एका षटकोनात एकेक जण उभा करा.

मग सात जणांचा एक प्रयोग नक्की करा. शेजारच्या दोन-दोन जणांच्या हातात गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी द्या. कुणाचा हात वर-खाली झाला की पाण्याची पातळी लगेच सांगते. टीएमटीत शेजारच्या कडांवर असे २७७२ संवेदक असणार आहेत आणि प्रत्येक आरशाखाली तीन, म्हणजे एकूण १४७६ सरकवणारी यंत्रं. आता सातही जणांना हात एकदम सारखेच वर घ्यायला सांगा. नळीला काही कळत नाही. खऱ्या दुर्बिणीतही कडांच्या संवेदकांना आख्खा आरसा एकदम सरकल्याचं समजत नाही, ते ताऱ्याच्या प्रकाशावरून तपासावं लागतं.

समजावणाऱ्या मुलांची तयारी करून घ्या. “किती पट मोठं दिसतं?” हा प्रश्न येणारच. मोठ्या आरशाचा पहिला फायदा प्रकाश गोळा करण्याचा आहे. अंधारात ७ मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीच्या तुलनेत ३० मीटरचा आरसा सुमारे १ कोटी ८० लाख पट प्रकाश गोळा करतो. दुसरा प्रश्न, “झाली का बांधून?” खरं तेच सांगा: अजून नाही. टीएमटीसाठी निवडलेला हवाईतला मौना केआ पर्वत तिथल्या मूळ रहिवाशांना पवित्र आहे. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये त्यांनी रस्ता अडवला. स्पेनमधलं ला पाल्मा बेट पर्यायी जागा म्हणून ठरलेलं आहे. “भारताचं त्यात काय?” तर आरशांचे आधार, ती सरकवणारी यंत्रं, कडांचे संवेदक आणि काही आरशांचं पॉलिशिंग. हे सांगताना मुलाला त्याच्या पायाखालच्या षटकोनाकडे बोट दाखवायला लावा.