ट्रॅकच्या गाडीसाठी क्राउन-पिनियन निवडताना या चुका टाळा

मागच्या ऍक्सलचा रेशो बदलला की गाडी आपोआप पळू लागते, हा समज नागपुरातल्या गाडीवेड्या मंडळींमध्ये पक्का रुजलेला आहे आणि बहुतेक चुकीच्या खरेदीचे मूळ तिथेच असते. क्राउन-पिनियन म्हणजे ऍक्सलमधला, चाकांना फिरवणारा शेवटचा गिअरचा जोड; पिनियनच्या किती फेऱ्यांत क्राउनची एक फेरी होते, तो आकडा म्हणजे त्याचा रेशो. त्यामुळे इंजिनाची शक्ती वाढत नाही. कोणत्या वेगाला इंजिन किती आरपीएमवर असेल, एवढेच त्याने ठरते. म्हणून टायर, ट्रॅक आणि गिअरबॉक्स निश्चित झाल्यानंतरच, म्हणजे सर्वांत शेवटी, हा निर्णय घ्यावा.

टायरकडे दुर्लक्ष करणे ही पहिली चूक. 205/55 आर16 टायरचा व्यास सुमारे 632 मिमी असतो, तर 195/50 आर15 चा सुमारे 576 मिमी. एवढ्या बदलानेच 3.73 चा जोड जवळजवळ 4.10 सारखा वागू लागतो. ज्यांनी टायर आणि जोड दोन्ही बदलले, त्यांच्या गाडीचे गिअर दोनदा आखूड झाले, म्हणजे कमी वेगालाच संपू लागले, आणि पैसेही दोनदा गेले. परीघ तक्त्यावरून न घेता, चालकाला गाडीत बसवून, टायरवर खडूची खूण करून जमिनीवर मोजावा, कारण भाराखाली टायर थोडा दबतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. आकड्याने मोठा रेशो म्हणजे सगळीकडे जास्त ओढ, असे मानले जाते. समजा परीघ 1.95 मीटर, इंजिनाची मर्यादा 6500 आरपीएम, तिसरा गिअर 1.36 आणि चौथा 1.00 आहे. 3.73 वर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सुमारे 150 किमी वेगापर्यंत जाते, 4.10 वर तोच गिअर 136 ला संपतो. 136 च्या खाली, दोन्ही गाड्या तिसऱ्यातच असताना, 4.10 ची गाडी चाकांवर सुमारे 10 टक्के जास्त ओढते, हे खरे. परंतु 136 ते 150 या पट्ट्यात ती चौथ्यात गेलेली असते आणि तिथे 3.73 ची गाडी अजून तिसऱ्यातच असल्याने 4.10 वाल्याच्या चाकांवरील एकूण रेशो तिच्यापेक्षा सुमारे 19 टक्के कमी पडतो. तुमच्या ट्रॅकवरील महत्त्वाचे वळण नेमके याच पट्ट्यात संपत असेल, तर महागडा जोड बसवून तुम्ही वेळ वाढवून घेतला, शिवाय गिअर बदलण्याचा एक जादा क्षणही गमावला. प्रत्येक वळणातून बाहेर पडतानाचा वेग आणि सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी दिसणारा आरपीएम लिहून ठेवल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

एका ट्रॅकसाठी बेतलेला रेशो दुसऱ्या ट्रॅकला चालेलच असे नाही. कोइम्बतूरचा कारी ट्रॅक सुमारे 2.1 किमीचा आहे, तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एकच सरळ पट्टा 1 किमीहून लांब आहे. नागपूरकराला दोन्हीकडे लांबचा प्रवास करावाच लागतो. गाडी ट्रेलरवर न नेता स्वतः चालवत न्यायची असेल, तर 0.80 च्या पाचव्या गिअरमध्ये 120 च्या वेगाला 3.73 वर सुमारे 3060 आणि 4.10 वर 3360 आरपीएम पडतात. मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, तासन्‌तास हे सोसणे इंजिनाला आणि कानांना फारसे मानवत नाही.

जुना जोड घेताना विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये. दात मोजावेत: 41 ला 11 म्हणजे 3.73, आणि 41 ला 10 म्हणजे 4.10. क्राउन आणि पिनियन एकाच जोडीचे असले पाहिजेत. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचा आणि मागचा रेशो सारखाच ठेवावा लागतो.

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यातले मिस्त्री असे जोड नेहमीच बसवतात, पण ट्रकचा अंदाज इथे पुरत नाही. डायल गेजने बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजून आणि दातांना रंग लावून त्यांचा ठसा पाहूनच हाउसिंग (जोडाचे कवच) बंद करून घ्यावे. नवा जोड पहिल्याच दिवशी ट्रॅकवर रगडू नये. थोडे चालवून पूर्ण थंड होऊ द्यावा आणि सुरुवातीच्या धावेनंतर तेल बदलावे. ठरावीक वेगालाच, ऍक्सिलरेटर देताना किंवा सोडताना हुंकारासारखा आवाज आला, तर दातांचा ठसा पुन्हा तपासावा. सतत गुरगुर असेल तर संशय बेअरिंगवर घ्यावा. ऍक्सिलरेटर देता-सोडताना धक्का बसत असेल, तर हाउसिंग उघडण्याआधी प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ऍक्सलपर्यंतच्या दांड्याचे) यूजे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हलवून पाहावेत, कारण ते झिजल्यावरही असाच धक्का बसतो आणि त्यांचा खर्च बराच कमी असतो.