ग्रीक नाणी जमवायचीत? चांदी सोपी आहे, ब्राँझची हिरवी पूड आधी समजून घ्या

ग्रीक नाण्यांवर नवशिक्यांसाठी जे काही लिहिलं जातं, ते बहुतेक "कोणतं नाणं घ्यावं" इथेच संपतं. घेणं काही अवघड नाही हो, पैसे मोजले की नाणं घरी येतं. अवघड आहे ते घरी आलेलं ब्राँझचं नाणं पुढची दहा वर्षं शाबूत ठेवणं, आणि त्याबद्दल जे सल्ले फिरतात त्यातल्या काहींनी तर नाणं कायमचं जातं. मी म्युनिकमध्ये राहतो, बारा वर्षं हेच करतोय, आणि यातली एकच पायरी मला खरी नडली. तिच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, बाकीचं झटपट. शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा, दहापट भिंग आणि टेबल-लॅम्प तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

पायरी १: काय घ्यायचं

सगळ्यांना अथेन्सचं घुबड हवं असतं, म्हणजे एका बाजूला अथीना आणि दुसऱ्या बाजूला घुबड असलेला चांदीचा टेट्राड्राम, चार द्राख्मांचं नाणं. घ्या, पण पहिलं नको. पहिलं चांदीचं नाणं अलेक्झांडरच्या नावाचं साधं द्राख्मा असू द्या, सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस आणि मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस. ही नाणी त्याच्या मृत्यूनंतरही कितीतरी वर्षं अनेक टांकसाळींतून पडत राहिली त्यामुळे भरपूर मिळतात. ब्राँझमध्ये सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराचा राजा दुसरा हिएरोन, त्याचं पोसायडन-त्रिशूळवालं नाणं किंवा अलेक्झांडरचा बाप, मॅसिडोनचा दुसरा फिलिप, त्याचं, अपोलोचं डोकं आणि घोडेस्वार असलेलं. दोन्ही आकाराने हातात धरून बघण्याजोगी आणि अजून तरी परवडणारी.

पायरी २: कायदा

ग्रीस, तुर्कस्तान, इटलीत फिरायला गेलात आणि अवशेषांजवळ कोणी खिशातून नाणं काढून दाखवलं तर हात लावू नका, कारण ते खोटं असलं तर पैसे गेले आणि खरं असलं तर ते देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. विकत घ्यायचं ते बिल देणाऱ्या आणि आधीच्या मालकीची नोंद दाखवणाऱ्या विक्रेत्याकडूनच. भारतातल्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवा की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून आजोबांच्या पेटीतलं नाणं "जर्मनीत दाखवायला" मला पाठवू का असं कृपया विचारू नका.

पायरी ३: खरं की खोटं

आधी वजन. ॲटिक मापाचं, म्हणजे अथेन्सच्या वजनप्रमाणाचं, द्राख्मा साधारण ४.३ ग्रॅम आणि टेट्राड्राम १७.२ ग्रॅमच्या आसपास, झिजलेलं असेल तर थोडं कमी. या मापाचा टेट्राड्राम १४ ग्रॅम भरला तर तो परत करा. मग कड बघा. ओतीव नकलेच्या कडेला सांध्याची रेष किंवा ती घासल्याच्या खुणा असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि केस-डोळे साबणासारखे गुळगुळीत दिसतात. कडेला छिन्नीचा घाव दिसला तर घाबरू नका, आत तांबं आहे का हे बघायला त्या काळातले लोकच तो घालायचे, कारण तांब्यावर चांदी चढवलेली नाणी तेव्हाही फिरत होती.

पण कड स्वच्छ आहे म्हणजे नाणं खरं असं अजिबात समजू नका. कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा एक जर्मन गृहस्थ होता, १७७२ ते १८३० या काळातला, तो स्वतः ठसे कोरून नाणी पाडायचा, त्यामुळे त्याच्या नाण्यांत ओतकामाच्या खुणा सापडतच नाहीत. १९८८ मध्ये बाजारात आलेला तथाकथित काळ्या समुद्राचा साठा, तिथल्या किनाऱ्यावरच्या अपोलोनिया आणि मेसेंब्रिया या जुन्या ग्रीक शहरांची छोटी चांदीची नाणी, तोही असाच पाडलेला बनावट माल होता. म्हणून नुसत्या भिंगावर जाऊ नका, पहिली वीस-पंचवीस नाणी परतीची लेखी हमी देणाऱ्याकडूनच घ्या.

पायरी ४: ओळख पटवणं

हे मराठी माणसाला वाटतं त्यापेक्षा सोपं जातं. ग्रीक नाण्यावरचं नाव बहुतेक वेळा षष्ठीत असतं: "फिलिप्पू" म्हणजे फिलिपचं, "हिएरोनोस" म्हणजे हिएरोनचं. आपल्याकडच्या इंडो-ग्रीक राजा मेनँडरच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतलं प्राकृत असतं, "महाराजस त्रतरस मेनंद्रस", म्हणजे तारणहार महाराज मेनँडरचं, तीच षष्ठी, आणि मला हे पहिल्यांदा वाचता आलं तेव्हा रात्री दीड वाजता बायकोला उठवून दाखवलं होतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यातल्या क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरं आहेत. चोवीस ग्रीक अक्षरं एका रविवारात पाठ होतात, ती करा, आणि मग अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा मोफत ऑनलाइन संग्रह उघडून जुळवत बसा.

पायरी ५: ब्राँझची हिरवी पूड

आता मुद्द्याचं. चांदीचं नाणं काळवंडतं आणि तेवढंच, त्याला तसंच राहू द्या, घासू नका. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, ती फक्त हातातून खाली पडू देऊ नका. ब्राँझचं तसं नाही.

माझं हिएरोनचं नाणं आलं तेव्हा त्रिशूळाशेजारच्या डॉल्फिनच्या शेपटीवर फिकट हिरवा ठिपका होता, मोहरीएवढा. मला वाटलं पटिना आहे, म्हणजे जुन्या धातूवर काळाने चढलेला टिकाऊ थर, जुनं ब्राँझ हिरवंच असतं. नाणं लाकडी खणात घालून इमारतीच्या तळघरातल्या आमच्या खोलीत ठेवलं, उन्हाळाभर बघितलंच नाही, आणि ऑक्टोबरमध्ये खण उघडला तर शेपटीच्या जागी खड्डा होता, त्यात हिरवी पूड, आणि शेजारच्या दोन नाण्यांवरही तसेच ठिपके. दोन हजार वर्षांहून जास्त टिकलेली वस्तू माझ्याकडे पाच महिन्यांत खराब झाली, हे आजही बोचतं.

याला ब्राँझ डिसीज म्हणतात पण हा काही जंतूंचा रोग नाही, आणि "एका नाण्याचा दुसऱ्याला संसर्ग होतो" हे चुकीचं आहे. जमिनीतलं मीठ, म्हणजे क्लोराइड, शतकानुशतकं नाण्यात मुरून ब्राँझमधल्या तांब्याबरोबर कॉपर क्लोराइड होऊन आत बसलेलं असतं. त्याला दमट हवा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची हिरवी पूड होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं, ते ॲसिड आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा कॉपर क्लोराइड, आणि हे चक्र थांबत नाही. माझी तिन्ही नाणी बिघडली कारण तिन्ही एकाच दमट खणात होती. हवेतली आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की हे सुरू होतं, आणि मुंबई-कोकणातल्या जुलैबद्दल मी वेगळं सांगायला नको.

पटिना आणि रोग यातला फरक नजरेने नाही, टोकाने कळतो. पटिना कडक असते, गडद असते, टूथपिकने खरवडली तर काही होत नाही. रोगाची पूड फिकट, पुदिन्याच्या चटणीत दही घातल्यासारखी हिरवी, आणि टूथपिक लावल्यावर भुरभुरत निघते. तिसरा प्रकार म्हणजे चिकट हिरवा थर, तो स्वस्त मऊ पीव्हीसी पाकिटातून आलेला असतो, ॲसिटोनने निघून जातो, त्याला रोग समजून नाणं कोरत बसू नका. खात्री नसेल तर बंद डब्यात ओला कापूस ठेवा आणि नाणं त्याला न टेकता शेजारी वाटीत ठेवून दोन दिवस थांबा. नवे फिकट ठिपके उठले तर रोग जिवंत आहे.

आता जे करायचं नाही ते. मी आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, चिंच-मीठ लाव, तांब्या कसा लखलखतो. तांब्या लखलखतो कारण चिंचेचं आम्ल वरचा थर खातं, आणि नाण्याच्या बाबतीत तो वरचा थर म्हणजेच त्याचे नाक-डोळे-अक्षरं. मीठ तर त्याहून वाईट, कारण मीठ हेच क्लोराइड, ज्याने हा सगळा प्रकार सुरू झाला तेच तुम्ही हाताने आत चोळताय. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, कोला, सगळ्याला माझा नकार आहे. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवा हा सल्लाही सर्रास देतात. तेलात आम्लं असतात, ती हळूहळू पटिना खातात आणि क्लोराइडला हातही लावत नाहीत. नळाचं पाणी नको, त्यातही क्लोराइड असतं.

मी आता जे करतो ते असं. भिंगाखाली नाणं धरून टोकदार केलेल्या बांबूच्या काडीने किंवा सुईने पूड काढायची, फक्त पूड, आणि खड्ड्याच्या तळाशी मेणासारखं फिकट राखाडी काही लागलं तर तेच ते कॉपर क्लोराइड, तेही शक्य तितकं काढायचं. घाई केली की चरा पडतो आणि चरा कायमचा. एका नाण्याला मला कधीकधी दोन संध्याकाळी लागतात. मास्क लावा, ही पूड श्वासात जायला नको.

मग डिस्टिल्ड पाणी. काचेच्या बरणीत नाणं बुडवायचं, पहिले आठ दिवस पाणी रोज बदलायचं, नंतर आठवड्यातून दोनदा, असं किमान सहा आठवडे. कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय म्हणून जे काही "एका रात्रीत" म्हणून विकलं जातं त्यावर माझा विश्वास नाही. क्लोराइड आत खोल असतं, ते आपल्या वेळेने बाहेर येतं.

एवढ्यानेही दमट डब्यात ठिपके परत उठले तरच सोडियम सेस्क्विकार्बोनेट. नाव मोठं आहे पण घरी होतं: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात २८ ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा आणि २२ ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे पाच टक्क्यांचं द्रावण. धुण्याचा सोडा खडे असलेला नको, त्यात पाणी धरलेलं असतं आणि माप चुकतं. आठवड्याला द्रावण बदलत काही आठवडे ते महिने ठेवायचं आणि शेवटी परत साध्या डिस्टिल्ड पाण्यात दोन आठवडे. पण हे नीट ऐका, या द्रावणाने पटिनाचा रंग बदलू शकतो, हिरव्यावर निळसर झाक येते. म्हणून मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, पहिल्या दिवसापासून सोड्यात टाका म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बेंझोट्रायाझोल नावाचं आणखी एक रसायन संग्रहालयांतले संवर्धक वापरतात, ते आरोग्याला घातक आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते आणू नका. नाणं तेवढं मोलाचं असेल तर संवर्धकाकडे द्या.

वाळवणं हा भाग लोक उरकून टाकतात आणि मग महिन्याने रोग परत येतो. कापडाने पुसून नाणं वाळत नाही, पाणी छिद्रांत असतं. शुद्ध ॲसिटोनमध्ये तासभर बुडवा, खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा मेणबत्ती नको, आणि नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही कारण त्यात तेल-सुगंध असतात. बाहेर काढून ॲसिटोन पूर्ण उडून जाऊ द्या, खरंच पूर्ण, वास अजिबात येता कामा नये, आणि मगच ओव्हनमध्ये नव्वद-शंभर अंशांवर दोन-तीन तास. कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, मी रेनेसाँ वॅक्स वापरतो, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं. मऊ ब्रशने लावायचं, खड्ड्यात गोळा होऊ द्यायचं नाही. एक गोष्ट पक्की, मेण हे शेवटी. रोग जिवंत असताना वरून मेण लावलं तर आत काम चालूच राहतं, फक्त तुम्हाला दिसत नाही.

पायरी ६: ठेवायचं कसं

पीव्हीसी पाकिटं फेकून द्या, पॉलिएस्टरची घ्या. ओकच्या लाकडाचा खण नको, त्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते, महोगनी चालतं. मी ब्राँझ सगळं रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक, आकडा ४० च्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये वाळवून परत आत. प्रत्येक नाण्याबरोबर चिठ्ठी: कुठून घेतलं, वजन, आणि उपचार केला असेल तर कोणता आणि कधी, कारण उद्या हे नाणं दुसऱ्या कोणाकडे जाणार आहे आणि त्याला हे कळलं पाहिजे.

उपचारानंतरचे पहिले तीन महिने दर रविवारी भिंगाखाली बघा, नंतर महिन्यातून एकदा. जिथे आधी पूड होती तिथेच आधी बघा, आणि अक्षरांच्या खाचांत, कारण सुरुवात तिथूनच होते. माझ्या हिएरोनच्या डॉल्फिनची शेपटी गेली ती गेलीच, पण त्रिशूळ आणि खालचं नाव शाबूत आहे आणि गेली नऊ वर्षं तिथे नवा ठिपका उठलेला नाही.