ईसीएम बदलण्याआधी अर्थची वायर बघा

स्टार्टर फिरतो, गाडी सुरू होत नाही, अन् मिस्त्री म्हणतो ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला. खर्च करण्याआधी एवढं करा.

१. बॅटरी मोजा, गाडी बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास हवी.

२. ईसीएमचा फ्यूज, मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच) तपासा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही.

३. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडून बॉडीला कसलेली अर्थची वायर काढा, पॉलिश पेपरनं घासून घट्ट आवळा. पावसाळाभर वावराच्या धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या आमच्या गाडीत याच बोल्टाखाली हिरवा थर साचला होता. घासला, पहिल्याच सेल्फला गाडी सुरू!

तरीही ईसीएमच बदलायचा ठरला तर पार्ट नंबर तोच घ्या. इमोबिलायझर (चावी ओळखून चोरी रोखणारी यंत्रणा) असेल तर चावी जुळवून घेतल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही.