घरात दुसरी गाडी घेताना: कामाची पण हवी आणि चालवायला मजाही यायला हवी, मग निवडायची कशी

दुसरं बाळ झालं, सासूबाई गुडघ्याच्या ट्रीटमेंटसाठी आमच्याकडेच राहायला आल्या, आणि घरातली एकच सात सीटर सकाळी साडेसातला नवऱ्याबरोबर हिंजवडीला निघून जायची. मागे मी, मोठीची शाळा, छोट्याची लस, सासूबाईंची फिजिओ, आणि रिक्षा मिळेपर्यंत कडेवर बाळ. तेव्हा दुसरी गाडी घ्यायचं ठरलं आणि पुढचे चार महिने शोरूम, जुन्या गाड्यांची यार्डं, टेस्ट ड्राइव्ह हेच चाललं होतं. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितेय, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट सांगते. दुसरी गाडी म्हटलं की लोक लगेच म्हणतात, गावातल्या गावात फिरवायची आहे ना, घ्या स्वस्तातलं काहीतरी. मला हे अजिबात पटत नाही. मोठी गाडी महिन्यातून एकदा कोकणात जाते, बाकी वेळ ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते. दुसरी गाडी रोज चारदा बाहेर निघते, बाळ रडत असताना, पावसात, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये. म्हणजे जी गाडी घरात सगळ्यात जास्त चालते तीच आपण सगळ्यात कमी मन लावून निवडतो. ती चालवायला छान असणं ही चैन नाही, गरज आहे.

पहिलं काम: पंधरा दिवस वहीत लिहा

गाड्यांचे व्हिडिओ बघायच्या आधी हे करा. रोज कुठे गेलात, किती किलोमीटर, गाडीत कोण कोण होतं, आणि पहिली गाडी तेव्हा का उपयोगी पडली नाही. माझ्या वहीत निघालं रोजचं साधारण वीस-बावीस किलोमीटर, त्यात सलग मोठी फेरी एकही नाही, बहुतेक वेळा मी अधिक दोन मुलं, आणि आठवड्यातून तीनदा सासूबाई. पाच मोठी माणसं एकत्र बसलीत असं पंधरा दिवसांत एकदाही झालं नाही. हे लिहून काढल्यावर अर्धे वाद तिथेच संपले, कारण दुसऱ्या गाडीने पहिलीचं काम करायचंच नसतं, पहिलीला जे जमत नाही तेवढंच करायचं असतं.

दुसरं: टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

सोसायटीत दुसरी जागा मिळते का हे सेक्रेटरींना आधी विचारा, टोकन भरल्यावर नको. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) असेल तर तिथल्या पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा, बऱ्याच उंच एसयूव्ही खालच्या कप्प्यात बसत नाहीत. दोन खांबांच्या मधे जागा असेल तर गाडीची रुंदी बघून भागत नाही, मागचं दार किती उघडतं ते बघा, कारण बाळाला चाइल्ड सीटमध्ये बसवायला दार जवळजवळ पूर्ण उघडावं लागतं.

चार मीटरच्या आतली गाडी बघण्याचं अजून एक कारण आहे, टॅक्स. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्यांना 40. इलेक्ट्रिकला 5 टक्के. दुसरी गाडी लहान ठेवायला यापेक्षा चांगलं निमित्त काय पाहिजे.

तिसरं: चाइल्ड सीट आणि आजी, दोघांना घेऊन शोरूमला जा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. आम्ही पहिल्या शोरूमला नुसतेच गेलो, गाडी आवडली, बुक करायच्या बेतात होतो. मग मनात काय आलं माहीत नाही, दुसऱ्या दिवशी घरची चाइल्ड सीट उचलून परत गेले. बाळ लहान आहे म्हणजे सीट उलटी, मागे तोंड करून बसवायची. ती लावली आणि पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागली की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मागे बऱ्यापैकी जागा दिसत होती, पण ती मोठ्या माणसाच्या पायांना होती, उलट्या सीटला नाही.

तर सीट घेऊन जा, स्वतः लावून बघा. आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट गाडीला थेट अडकवायचे) हुक गादीत किती खोल आहेत, बोटं घालून सापडतात का की नखं तुटतात, हे हाताने करून बघितल्याशिवाय कळत नाही. उलटी सीट पुढे लावायची वेळ आलीच तर पॅसेंजर एअरबॅग बंद करायची सोय हवीच, एअरबॅग चालू असताना तिथे उलटी सीट लावणं बाळाच्या जिवाशी खेळ आहे. पण खरं सांगायचं तर बाळ मागेच बसवा. दोन सीट लावल्यावर मधे कोणी बसू शकतं का तेही बघा, लहान गाड्यांत बहुतेक नाही. मग आजी पुढे बसणार हे आधीच ठरवून टाका.

आणि आजींना खरंच बसवून बघा. सासूबाईंना हॅचबॅकमध्ये खाली वाकून बसणं जड जायचं, आणि उंच एसयूव्हीत पाय वर उचलणं त्याहून जड. वॅगनआर, पंच अशा थोड्या उंच सीटच्या गाड्यांत त्या नुसत्या मागे टेकल्या की बसल्या. नऊवारी नेसून बसून दाखवलं त्यांनी, आणि म्हणाल्या, "ही बरी गं, हिच्यात मी एकटी चढेन." त्या एका वाक्याने आमच्या लिस्टमधल्या तीन गाड्या कमी झाल्या.

डिकी लिटरमध्ये मोजू नका, तुमची प्रॅम घडी करून आत ठेवून बघा. स्विफ्टची डिकी 265 लिटर, आय-ट्वेंटीची 311, बलेनोची 318, अल्ट्रोझची 345, कागदावर फरक थोडा वाटतो पण आमची प्रॅम एकीत आडवी बसली आणि दुसरीत चाक काढावं लागलं. रोज शाळेच्या गेटवर चाक कोण काढत बसणार?

सुरक्षा

यात तडजोड नको, एवढंच म्हणेन. 2018 मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आदळवून सुरक्षा तपासणारी संस्था) पाच स्टार मिळाले तेव्हा भारतीय गाडीसाठी ती पहिलीच वेळ होती, 2020 मध्ये अल्ट्रोझला मिळाले, 2024 मध्ये नव्या डिझायरला. म्हणजे लहान गाडी कमजोरच असणार असं आता राहिलं नाही. ऑक्टोबर 2023 पासून आपली भारत एनकॅप पण सुरू आहे, तिच्यात मोठ्यांचे मार्क 32 पैकी आणि मुलांचे 49 पैकी वेगळे देतात. सेल्समन पहिलाच आकडा सांगतो, तुम्ही दुसरा विचारा. आणि कायद्यातही आहे, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. दंडाचं सोडा हो, मांडीवर बाळ घेऊन पुढे बसायची सवय आपल्याकडे अजून गेली नाही, ती या गाडीपासून तरी बंद करा.

चौथं: इंधन आणि गिअरबॉक्स तुमच्या वहीवरून ठरवा

डिझेल दुसऱ्या गाडीला नको. बीएस-सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी साठवतो आणि ती जाळायला इंजिन बराच वेळ गरम आणि एका लयीत चालावं लागतं. तीन किलोमीटर शाळा आणि चार किलोमीटर भाजी यात ते होतच नाही, फिल्टर चोक होतो, दिवा लागतो आणि मग त्याच्यासाठी मुद्दाम हायवेला चक्कर मारून यावी लागते.

सीएनजीचा खर्च कमी, पण सिलेंडर डिकी खातो. टाटाने 2023 ला अल्ट्रोझमध्ये दोन लहान सिलेंडर तळाशी बसवले, तशी रचना असेल तर प्रॅमला जागा उरते, पण तरी मोजून बघा.

इलेक्ट्रिकचा विचार खरंच करा. रोज वीस-बावीस किलोमीटर आणि लांब जायला घरात मोठी गाडी आहेच, म्हणजे रेंजची काळजी ज्या घराला सगळ्यात कमी ते हेच. टियागो इव्हीसारखी गाडी 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभरात चार्ज होते, फक्त पार्किंगपर्यंत तुमच्या मीटरवरून वायर ओढायची परवानगी सोसायटीकडून लेखी घ्या. बऱ्याच इव्हीत स्टेपनी नसते, पंक्चर किट असतं, ते वापरायला शिकून घ्या. आमचं इव्हीचं घोडं सोसायटीच्या मीटिंगमध्ये अडलं, नाहीतर मी तीच घेतली असती.

गिअरबॉक्सचं असं, क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा दुखायला लागला होता म्हणून ऑटोमॅटिक पक्की होती. एएमटी (गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण क्लच-गिअर मशीन सांभाळतं) सगळ्यात स्वस्त पण गिअर बदलताना मान हलते, चढावर गर्दीत थोडी चाचपडते. सीव्हीटी (हिला गिअरचे टप्पेच नसतात) आणि टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) गर्दीत सगळ्यात मऊ. ड्युअल क्लच (दोन क्लचची), त्यातही तेलात न बुडवलेल्या म्हणजे ड्राय क्लचची, चालवायला भन्नाट पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापते, तुमचा रोजचा रस्ता तसा असेल तर दोनदा विचार करा.

पाचवं: मजा चाळीसच्या स्पीडला शोधा

आता आवडीचा भाग. लोक टेस्ट ड्राइव्हला मोकळा रस्ता बघून गाडी ताणतात. गावात तुम्ही कधी ऐंशीला जाता? दुसऱ्या गाडीची मजा वीस ते पन्नासमध्ये असते. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं का, यू-टर्न एका दमात होतो का, स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर एकदाच दबते की डुलत राहते, पुढच्या काचेच्या कडेच्या खांबामुळे रस्ता ओलांडणारं माणूस झाकलं जातं का. स्विफ्टचा टर्निंग रेडियस (वळायला किती जागा लागते ते) 4.8 मीटर आणि वजन हजार किलोच्या आत, त्यामुळे ती गल्लीतही खेळकर वाटते, तिला पॉवरची फार गरजच पडत नाही. आय-ट्वेंटी एन लाइनमध्ये एक लिटरचं टर्बो 120 पीएसचं आहे, ताम्हिणी घाटात चालवलीत तर उतरावंसं वाटणार नाही, पण सस्पेन्शन कडक, मागे झोपलेलं बाळ खड्ड्याला जागं होतं. आणि टर्बो पेट्रोल गर्दीत पेट्रोल पितं, हे गृहीत धरा.

टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळेला, एसी चालू, घरची माणसं बसवून घ्या. आणि जो रोज चालवणार त्यानेच चालवायची. आमच्याकडे सेल्समन किल्ली दरवेळी नवऱ्याच्याच हातात द्यायचे आणि तो दरवेळी ती मला द्यायचा.

सहावं: जुनी घेणार असाल तर

याच बजेटमध्ये जुनी चांगली गाडी मिळते आणि मजा इथे जास्त आहे. पोलो चाकणला बनायची, 2022 ला बंद झाली, आणि तिचं दार लावल्याचा आवाज ऐकला तरी अजून जीव अडकतो. मी दोन बघितल्या. पण मागे जागा तंग, आणि टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोलवालीच्या डीएसजी (ड्युअल क्लच) गिअरबॉक्सचं काम निघालं तर खर्च मोठा. एकच मूल असतं तर घेतली असती. होंडा जॅझ 2023 ला बंद झाली, मागे ऐसपैस, 354 लिटर डिकी, काही व्हेरियंटमध्ये मागच्या सीटची बैठक वर उचलता येते, तिथे कुंडीतलं झाड उभं राहतं. कुटुंबासाठी जुन्यात माझी पहिली पसंती तीच.

तपासायचं काय ते ऐका. एका यार्डात चकाचक गाडी दाखवली, सीट धुतलेल्या, सेंटचा वास. मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या बाजूच्या वितीएवढ्या पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ. पाण्यात बुडालेली गाडी. सीट धुतात, बेल्ट कोणी शेवटपर्यंत ओढत नाही. विचारलं तर विषयच बदलला, आम्ही निघून आलो. तेव्हा बेल्ट ओढा, डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात गंज बघा. टायरवर चार आकडी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, ती किलोमीटरशी जुळते का बघा. नंबर टाकून परिवहनच्या ॲपवर कितवा मालक, कर्ज आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत, चलनं किती हे सगळं दिसतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35, गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागलीय ना बघा. आणि दोन-तीन हजार देऊन तुमच्या मेकॅनिकला बरोबर न्या, ते पैसे वाया जात नाहीत.

सातवं: पैसे

ऑन-रोडच्या आकड्यावरच बोला. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स पडतो, तो एक्स-शोरूममध्ये दिसत नाही. पहिल्या गाडीचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) दुसरीला लागत नाही, तो त्या पॉलिसीवरच राहतो, दुसरीचा शून्यापासून सुरू होतो, म्हणून इन्शुरन्स बाहेरून पण विचारून घ्या.

आम्ही शेवटी सीव्हीटीवाली जुनी जॅझ घेतली. डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळाच्या आधी मी दोन्ही चाइल्ड सीट लावल्या, हुक टक् वाजेपर्यंत दाबले, सीट धरून जोरात हलवून बघितली, छोट्याला बसवलं, सासूबाईंना पुढे बसवलं आणि मग किल्ली फिरवली.