मिनी लिफ्टने माल वर चढवताना
तिसऱ्या मजल्यावर वाळू, टाइल्स चढवायला मिनी लिफ्ट (वर स्टँडवर बसवलेली, वायर रोपने माल ओढणारी मोटर) केव्हाही बरी, पण आधी तिचं मागचं वजन बघा. स्टँड उलटू नये म्हणून मागे सिमेंटच्या गोण्या रचतात आणि दुपारी माल कमी पडला की गवंडी त्यातलीच एक फोडतो! 50 किलो तिथेच गेले. त्याऐवजी वाळूच्या गोण्या खूण करून ठेवा. स्टँड कठड्याला बांधून भागवू नका. विटांचा कठडा ओढ सोसायला बांधलेला नसतो. लिफ्ट बंद असताना वायर रोपवरून चिंधी फिरवा, तुटकी तार अडकली तर रोप बदलायला लावा. हुकाची खिट्टी नीट बसते ना? हूक जमिनीला टेकल्यावरही ड्रमवर, म्हणजे रोप गुंडाळलं जातं त्या रिळावर, रोपचे तीन वेढे उरायला हवेत. खालची वाट दोरी बांधून अडवा, शेजारी कुरकुरले तरी.