चढावर ट्रेलर ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो : माझा अनुभव

भरलेला ट्रेलर, लांब चढ आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान १२५ अंश सेल्सिअस. गिअर सारखा चौथा-पाचवा होत राही. तेल बदललं, रेडिएटर साफ केला, फरक शून्य. ‘डी’मध्येच (गिअर गाडी स्वतः निवडते) हळू चढलो तर जास्तच तापलं. फार वैतागलो होतो.

दुखण्याचं मूळ टॉर्क कन्व्हर्टरमध्ये होतं, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागात. तो लॉक झाला नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले गेले नाहीत, की तेल नुसतं घुसळलं जातं, आणि उष्णता तिथेच तयार होते.

आता चढ लागण्याआधीच टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) लावतो, मग हाताने तिसरा गिअर, इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास. लॉक झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला तरी आरपीएम उसळत नाही, हीच खूण. शिवाय जादा ऑइल कूलर बसवला: गरम तेल आधी रेडिएटरमधल्या कूलरमधून, मग नव्यातून, मग परत गिअरबॉक्समध्ये. हा क्रम उलटा नको, थंड झालेलं तेल रेडिएटरमध्ये पुन्हा तापतं. शेवटी मॅन्युअलप्रमाणे तेलाची पातळी तपासली. त्याच चढावर आता ९८.