ज्युकोचा पिचर पारखताना

अमेरिकेत स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करायला गेलो तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. विद्यापीठाच्या संघाला आकडे सांभाळायला विद्यार्थी हवा होता, तासावर पैसे मिळणार होते आणि सांगलीत क्लबच्या क्रिकेट सामन्यांचं स्कोअरिंग मी केलेलं होतं. तेवढ्या भांडवलावर शिरलो. पहिलंच काम मिळालं ते ज्युकोचे पिचर, म्हणजे बेसबॉलमधले गोलंदाज, पारखायचं.

ज्युको म्हणजे ज्युनियर कॉलेज, पण आपलं अकरावी-बारावीचं नव्हे. शाळा संपल्यावरची दोन वर्षं तिथे काढून मुलं चार वर्षांच्या विद्यापीठात दाखल होतात. त्याला कमी लेखू नका. नामवंत पिचर रॉजर क्लेमेन्स सॅन जॅसिंटो कॉलेजातून टेक्सास विद्यापीठात आला, आणि बॅटर ब्राइस हार्पर २०१० मध्ये सदर्न नेव्हाडाच्या अशाच कॉलेजातून थेट ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीच्या, पहिल्या क्रमांकावर गेला.

कागदावर पहिली चूक मी अशी केली, की आजही सांगताना ओशाळतो. पिचरच्या नोंदीत ५.२ इनिंग असं लिहिलेलं असतं. एका इनिंगमध्ये तीन बाद असतात, म्हणून त्याचा अर्थ पाच इनिंग आणि दोन बाद, म्हणजे पाच पूर्णांक दोन तृतीयांश. ५.२ षटकं म्हणजे काय हे लहानपणापासून माहीत असलेल्या माणसाने एक्सेलमध्ये मात्र सरळ दशांश धरून भागाकार केला. सगळे ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा, चुकले. कोच काही बोलले नाहीत, फक्त कागद परत ढकलला.

समोर दोन मुलं होती. पहिल्याचा ईआरए २.२५. दुसऱ्याचा ५.२३. मी अर्थातच पहिल्याच्या नावावर खूण केली. कोच म्हणाले, "वॉक बघितलेस?" वॉक म्हणजे झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, बाहेर चार चेंडू (त्यांना 'बॉल' म्हणतात) टाकून बॅटरला फुकट दिलेला पहिला बेस, धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा. पहिल्याने ४८ इनिंगमध्ये ३२ वॉक दिले होते. दुसऱ्याने ६२ इनिंगमध्ये १७, वर ७१ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर.

मग दुसरा प्रश्न, "हा खेळतो कुठे?" दुसरा मुलगा पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या पट्ट्यात खेळत होता. तिथलं हॉब्स हे गाव साडेतीन हजार फुटांहून उंचावर आहे. विरळ हवेत चेंडू कमी वळतो आणि फटका लांब जातो, त्यात तिकडचा वारा. पहिला ह्यूस्टनच्या बाजूचा, जवळजवळ समुद्रसपाटीवरचा. दोघांचे ईआरए शेजारी ठेवणं म्हणजे वानखेडेवरची सरासरी आणि गल्लीतली सरासरी एका रकान्यात लिहिणं.

दुसऱ्याला बघायला आम्ही सात तास गाडी हाकली. मी रडार गन काढली तर कोच म्हणाले, पहिली इनिंग ती पिशवीतच राहू दे, कॅचरचा, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलायला बसलेल्याचा, ग्लव्ह बघ. कॅचर जिथे ग्लव्ह धरतो तिथेच चेंडू येतो, की दरवेळी त्याला हात आडवा फेकावा लागतो? नव्या माणसाला पिचरकडे बघायचा मोह होतो. तो आवरायला मला महिना लागला. पहिल्या बेसवर धावपटू आला की स्टॉपवॉच काढायचं, पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरपर्यंत पोचायला १.३ सेकंद ठीक, १.५ लागले तर चपळ धावपटू दुसरा बेस चोरणारच, म्हणजे फटक्याची वाट न बघता तिकडे पळणारच. आमच्या मुलाला १.४ लागत होते. फास्टबॉल पहिल्या इनिंगला ताशी ९१ मैल, पाचवीत ८८. त्याच्या कोचना मी सरळ विचारलं, कोपर दुखतं का? लाजू नका, हा प्रश्न विचारायचाच असतो. कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर बहुतेकदा वर्षभराहून जास्त काळ जातो, आणि ज्युकोतून येणाऱ्याकडे मुळात दोन-तीनच वर्षं उरलेली असतात.

गुणपत्रिका हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात जास्त मुलं गळतात तीही तिथेच. तिसऱ्या वर्षात येताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला लागतो. क्रेडिट भरपूर दिसतात, पण आपल्या पदवीत किती चालतील हे रजिस्ट्रारकडून लेखी घ्या.

मुलगा ऑगस्टमध्ये आला. शरद ऋतूतल्या सरावात आपापसांतले सामने सुरू झाले आणि माझा चेहरा पडला. त्याच्या स्लायडरला, म्हणजे शेवटी बाजूला वळणाऱ्या चेंडूला, कोणी हातच लावेना, म्हणजे बॅटच कोणी फिरवेना. ज्युकोतले बॅटर झोनबाहेर जाणाऱ्या त्या चेंडूवर बॅट फिरवायचे, आमचे नुसते बघत राहायचे. बॉल, बॉल, वॉक. ७१ स्ट्राइकआउट मी मोजले होते, पण त्यातले किती झोनबाहेरच्या चेंडूवर आले हे मोजलंच नव्हतं. व्हिडिओ होते. रात्री बसून पुन्हा पाहिले, तर निम्म्याहून जास्त बाहेरचे.

पिचिंग कोचनी त्याला स्लायडर झोनमध्ये सुरू करायला लावला आणि चेंजअपवर, म्हणजे फसव्या संथ चेंडूवर, तीन महिने घासलं. शुक्रवार ते रविवारच्या मुख्य मालिकेत त्याला जागा मिळाली नाही. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, आठवड्याच्या मधल्या सामन्यात, तो पहिल्यांदा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, चढला. चार इनिंग, एक वॉक. मी वहीत नवा रकाना आखून बसलो होतो: स्ट्राइकआउट, झोनच्या आत की बाहेर. तीन आत, एक बाहेर.